चार बोटं खाली

४ फेब्रुवारी, सोमवार

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता फळीवर ठेवलंस, तर राहू दे. मला घाई नाही. तुझा पत्ता कुठून मिळाला ते मात्र विचारू नकोस.

आज सकाळपासून पोटात काही नाही. चहासुद्धा नाही. अकरा वाजता मला एका मशीनखाली झोपायचं आहे आणि त्याआधी तीन तास पोट रिकामं हवं, असा हुकूम आहे. तुझी वहिनी मुद्दाम स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं वाजवतेय, म्हणजे मला लिहिण्याशिवाय दुसरं काही सुचू नये.

आधी बातमी. दिवाळखोरी नव्हे, काळजी करू नकोस. चार महिन्यांपूर्वी वहिनी म्हणाली, "अहो, तुमचे डोळे पिवळे दिसतायत." मी म्हणालो, "बल्ब बदल." तिने बल्ब बदलला. डोळे पिवळेच राहिले. मग अंगाला खाज सुटली, अशी की दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा राहायचो. यकृतातून पित्त खाली आणणारी एक नळी असते, करंगळीपेक्षा बारीक. तिच्यात गाठ निघाली. तेवढा भाग कापून काढला आणि आतडं वर ओढून जोडून टाकलं. सहा तास लागले म्हणे. आपल्याला कधी सहा तासांत लिफ्टच्या मोटरचं साधं बेअरिंगसुद्धा बदलता आलं नाही.

गाठ निघाली, पण कापलेली कड तपासली तेव्हा ती पुरती स्वच्छ नव्हती. डॉक्टर म्हणाले, "डोळ्यांना दिसणार नाही असं काही मागे राहिलं असेल, त्यासाठी किरणं आणि सोबत गोळ्या." मी म्हणालो, "म्हणजे जुनं ग्रीस पुसलं, पण फटीत लोखंडाचा कीस राहिला असेल." ते हसले. म्हणाले, "अगदी तसंच. खात्री देत नाही, शक्यता वाढवतो." खरं बोलणारा माणूस आवाजावरून कळतो. वाक्याच्या शेवटी आवाज खाली उतरतो आणि नीट टेकतो. ह्यांचा टेकला.

अठ्ठावीस वेळा जायचं आहे, शनिवार-रविवार सोडून. आज पहिली. शेवटची तेरा मार्चला, बुधवारी. तू ये असं म्हणत नाही. तारीख तेवढी कळवून ठेवतो.

दादा


१२ फेब्रुवारी, मंगळवार

धाकट्या,

सात झाल्या.

तिथलं सांगतो. तळघरात आहे ती खोली. दार इतकं जाड की बंद होताना त्याचा आवाजच येत नाही, फक्त कानांवर हवा दाबल्यासारखी होते. थंडगार. छताला एका चौकोनात आभाळाचं चित्र लावलंय, मागून दिवा. ढग कायम तेच. पहिल्या दिवशी मला ते बावळट वाटलं. आता मी त्या डाव्या ढगाची वाट बघतो.

माझ्या पोटावर शाईच्या तीन फुल्या काढल्यात. एक समोर बरगड्यांच्या खाली, दोन दोन्ही कुशींवर. वर पारदर्शक चिकटपट्टी. भिंतींतून हिरव्या उजेडाच्या रेघा येतात, त्या ह्या फुल्यांवर नेमक्या पडल्या की मी जागेवर आलो. तुला सांगायला नको. दोरावरची पिवळी खूण मशीनच्या खुणेसमोर आली, म्हणजे लिफ्टची केबिन मजल्याला लागली. पंचवीस माणसांचा लिफ्टदुरुस्तीचा धंदा उभा केला आणि शेवटी स्वतः दोर होऊन पडलोय.

तिथे दोघं असतात. एक बाई, त्या काचेपलीकडून बोलतात. त्यांना मी आवाजवाल्या बाई म्हणतो, कारण चेहऱ्याआधी मला त्यांचा आवाज कळला. दुसरे चष्मेवाले. डोक्यावरचे केस गेलेले, खिशात शाईचं पेन, दिवसाला चार शब्द. फुल्या पुसट झाल्या की तेच गडद करतात. जीभ किंचित बाहेर काढून, एका दमात, पाणसळ लावल्यासारखी रेघ. पहिल्या दिवशी त्यांनी मला त्यांचं त्या दिवसाचं सर्वांत लांब वाक्य ऐकवलं: "पुसट झाल्या तर आम्हाला सांगा, स्वतः हात लावायचा नाही."

मग बाईंचा आवाज येतो. "श्वास घ्या. धरा." आणि मशीन गुणगुणायला लागतं.

धाकट्या, तो धरलेला श्वास फार लांब असतो. छातीत काही हलत नाही, म्हणून बाकीचं सगळं हलायला लागतं. मी डोळे मिटतो आणि वर जायला लागतो. दारं नाहीत, भिंती नाहीत, फक्त मजले येतात. तळमजला, पहिला, दुसरा. प्रत्येक मजल्यावर उजेडाची एक पट्टी माझ्या पायांवरून डोक्याकडे सरकत जाते. दुसऱ्या मजल्यावर आई सुपारीच्या डबीत किल्ल्या शोधत असते. तिसऱ्यावर कोणी नसतं, तरी दिवा लागलेला. चौथ्याच्या जरा खाली बाई म्हणतात, "सोडा." चौथा मजला मला अजून दिसलेला नाही.

त्या मशीनचं एक बेअरिंग उजवीकडे वळताना किंचित कुरकुरतं. मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही पेशंट आहात." चष्मेवाल्यांनी कान लावला, मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. त्या दिवसापासून आमची मैत्री.

दादा


२२ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. रोज टपालवाल्याच्या सायकलची साखळी ऐकून बाहेर जातो ते पाय मोकळे करायला.

पंधरा झाल्या. गोळ्यांनी तळहात लाल झालेत, चाव्यांचा जुडगा धरवत नाही. जेवण समोर आलं की तोंड आपोआप दुसरीकडे वळतं. वहिनी म्हणते, "लग्नात पण असंच वळवलं होतंत." सात किलो उतरलो. पँट दोरीने बांधतो. दुपारी खुर्चीत बसल्याबसल्या झोप लागते. ती झोप नसते खरं तर, नुसतं खाली बुडणं असतं.

काल बुडालो तेव्हा ती इमारत दिसली. मास्तरीणबाई राहतात ती. तू जिन्यात बसला होतास, मांडीवर सपाटी बघायची आपली पाणसळ. मी विचारलं, "काय करतोस?" तू म्हणालास, "बुडबुडा मधे यायची वाट बघतोय."

त्या दिवसाबद्दल आपण कधी नीट बोललो नाही. तू बोलत होतास, मी ओरडत होतो. वीज गेलेली, केबिन दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे अडकलेली, आत मास्तरीणबाई एकट्या. तू वर मशीनच्या खोलीत ब्रेक सोडून हातचाक फिरवलंस, खूण जुळल्यावर ब्रेक लावलास, खाली धावत येऊन दार उघडलंस. बाई अंधारात पाऊल पुढे टाकायला गेल्या आणि आपटल्या, कारण केबिन मजल्याला लागलीच नव्हती. चार बोटं खाली होती. खुब्याचं हाड मोडलं.

मी सगळ्यांदेखत म्हणालो, "खुणेच्या आधीच थांबवलीस. घाई." तू म्हणालास, "दादा, मी खुणेवरच थांबवली होती." मी म्हणालो, "खोटं बोलू नकोस." अकरा माणसं ऐकत होती. रजिस्टरात तसंच लिहिलं, तुझ्या नावाने.

चुका होतात रे. तुझी झाली, कुणाचीही होऊ शकली असती. हे तेव्हा म्हणायला हवं होतं, ते आज म्हणतो.

दादा


२६ फेब्रुवारी, मंगळवार

धाकट्या,

मागचं पत्र फाडून टाक. त्यातली शेवटची तीन वाक्यं तर आधी फाड.

रविवारी आंघोळीला गेलो. गरम पाणी बरं वाटलं, जास्त वेळ बसलो. बाहेर आलो तर चिकटपट्ट्या सुटलेल्या आणि फुल्या नुसत्या निळसर डागांसारख्या. सोमवारी जाऊन सांगायचं, एवढंच करायचं होतं. पण चाळीस वर्षांचा हात. खूण पुसट झाली की रंगवायची. वहिनीच्या कपाटातून मार्कर काढला, आरशासमोर उभा राहिलो आणि तिन्ही फुल्या झकास गडद केल्या. वरून नवी चिकटपट्टी. स्वतःवर खूशही झालो.

सोमवारी झोपलो. उजेडाच्या रेघा माझ्या फुल्यांवर बरोबर बसल्या. पण किरण सोडण्याआधी ते आतला फोटो काढून बघतात. ऑपरेशनच्या वेळी आत धातूच्या बारीक चिमट्या ठेवल्यात, त्या जागेवर हव्यात. त्या नव्हत्या. बोटभर सरकलेल्या. पुन्हा झोपवलं, पुन्हा फोटो. पुन्हा बोटभर.

आवाजवाल्या बाई आत आल्या. पहिल्यांदा त्यांचा आवाज माइकशिवाय ऐकला, बारीक होता. "काका, ह्या खुणा कोणी केल्या?"

आणि माझं तोंड, माझ्याआधी, म्हणालं, "शुक्रवारी ह्यांनी गडद केल्या होत्या."

हे खरंच होतं. शुक्रवारी चष्मेवाल्यांनी केल्याच होत्या. अर्धं खरं हे असं भक्कम असतं बघ, त्यावर पूर्ण खोटं आरामात उभं राहतं. चष्मेवाल्यांनी खिशातलं पेन काढलं, त्याच्या टोकाकडे बघितलं, परत ठेवलं.

मला बाहेरच्या बाकावर बसवलं. पाठीमागून उघडा तो झगा, पायांत त्यांच्या चपला. आत डॉक्टर आले. दार लोटलेलं होतं, पण माझे कान तुला माहीत आहेत. डॉक्टर म्हणत होते, "दोन वर्षांनी रिटायर होणार तुम्ही, आणि आता असं? फोटो नसता काढला तर?" मग चष्मेवाल्यांचा आवाज, अगदी सपाट: "सर, मी खूण बरोबर केली होती."

धाकट्या, तो आवाज मी ओळखला. ज्याला माहीत असतं की आपण खरं बोलतोय आणि हेही माहीत असतं की उपयोग नाही, त्याचा आवाज. अकरा वर्षांपूर्वी तो तुझा होता.

मी उठलो. मागून झगा धरून आत गेलो. म्हणालो, "डॉक्टर, ह्यांची काही चूक नाही. काल आरशात बघून मी रंगवल्या. आणि आत्ता खोटंही मीच बोललो." बाई म्हणाल्या, "काका, अहो पण का?" मी म्हणालो, "सवय आहे." कोणती, ते त्यांनी विचारलं नाही. चष्मेवाल्यांनी स्पिरिटचा बोळा घेतला आणि माझ्या फुल्या पुसायला लागले. म्हणाले, "वजन उतरलंय तुमचं. कातडी सरकली. जुन्या जागेवर रंगवून उपयोग नसतो." हे त्यांचं आजवरचं सर्वांत लांब भाषण.

नवा स्कॅन, नवी मापं. एक दिवस वाया गेला. शेवटची आता चौदाला, गुरुवारी.

आता उरलेलं.

त्या इमारतीत दोर नवे घातले होते, आठवतं? नवा दोर पहिले काही महिने ताणतो, म्हणून खुणा पुन्हा करायच्या असतात. दोघांचं काम. एकाने मजल्यावर पाणसळ धरून केबिन जमिनीला लागली की खालून "आलं" म्हणायचं, दुसऱ्याने वर दोरावर रंग लावायचा. त्या दिवशी तू वायरमनच्या परीक्षेला गेला होतास. मी थांबायला हवं होतं. मी एकटाच वर गेलो, दोर बसवतानाच्या जुन्या खुणा पुसट दिसल्या, त्यांच्यावरच ब्रश फिरवला. पाच मिनिटांचं काम. दोर ताणून चार बोटं उतरलेला होता. पुढच्या आठवड्यात तू त्याच खुणेवर चाक थांबवलंस. अगदी बरोबर, खुणेवर.

मला हे त्याच संध्याकाळी कळलं. तुम्ही सगळे हॉस्पिटलात होतात. मी वर गेलो, पाणसळ लावून बघितलं, चार बोटं. मग रॉकेलच्या फडक्याने सगळ्या खुणा पुसल्या आणि नव्या, बरोबर केल्या. दुसऱ्या दिवशी लिफ्ट बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचा माणूस तपासायला आला. म्हणाला, "खुणा तर अचूक आहेत." आणि तू माझ्याकडे बघितलंस.

तुला तेव्हाच कळलं होतं, हो ना? म्हणून तू एक शब्द न बोलता पाणसळ उचलून निघून गेलास.

हे लिहायला मला गाठ यावी लागली, असं म्हणून गाठीला मोठेपणा देणार नाही. गाठ आली तरी मी तुला "चुका होतात रे" लिहीत होतो.

दादा


७ मार्च, गुरुवार

धाकट्या,

तेवीस झाल्या. हे पत्र छोटं आहे, हात दुखतो.

शनिवारी कामगारांना बोलावलं. आता पंचवीस आहेत, त्यांतले जुने सहा. सांगितलं. पुढे केलेल्या खुर्चीत न बसता उभं राहून सांगितलं, मग मात्र बसावं लागलं. आपला म्हातारा मिस्त्री म्हणाला, "मालक, त्या दिवशी तुमच्या बोटांना पिवळा रंग होता." मी म्हणालो, "मग बोलला का नाहीस?" म्हणाला, "पोरं लहान होती माझी." रजिस्टरातली ती ओळ खोडली नाही. तिच्याखाली खरी ओळ लिहून सही केली.

मग मास्तरीणबाईंकडे. आता तुला कळलंच असेल, पत्ता त्यांनी दिला. डिसेंबरात हॉस्पिटलात मला बघायला आल्या होत्या, काठी टेकत, पिशवीत मोसंबी. तेव्हा म्हणाल्या, "तुझा भाऊ दर वर्षी पत्र पाठवतो मला. पाय कसा आहे, एवढंच विचारतो." मी पत्ता मागितला आणि तोंड भिंतीकडे केलं. ह्या वेळी तोंड त्यांच्याकडे करून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. चहा केला. म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, पडणारी मी आणि लंगडतोयस तू."

काल धरलेल्या श्वासात चौथा मजला दिसला. तिथे काहीच नाही. लांबलचक, रिकामं, उजेडाचं. मला भीती वाटली नाही, पण एकट्याने उतरावंसंही वाटलं नाही.

चौदाला, अकरा वाजता. तळघर. ह्या वेळी म्हणतो, ये.

दादा


२३ मार्च, शनिवार

धाकट्या,

तू सकाळी गेलास आणि दुपारी मी पत्र लिहायला बसलोय. वहिनी हसतेय. "आठवडाभर समोर होता, तेव्हा तुम्ही दोघं भिंतीशी बोलत होतात." बरोबर आहे तिचं. पण समोरासमोर आपल्याला फक्त टोमणे जमतात.

त्या दिवशी मी मशीनखाली होतो. बाई म्हणाल्या, "शेवटचा, काका. घ्या. धरा." मी वर निघालो, आणि त्या जाड दारापलीकडून काही ऐकू येणं शक्य नाही हे मला माहीत आहे, तरी शपथेवर सांगतो, मला हॉस्पिटलची लिफ्ट तळघरात उतरताना ऐकू आली, मग पावलं. डावं पाऊल टाच घासत टाकणारा एकच माणूस मला माहीत आहे. बाहेर आलो तर तू बाकावर. केस पांढरे. मांडीवर तीच पाणसळ, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

मी तोंड उघडायच्या आत तू माझ्या झग्याखालच्या फुलीकडे बघितलंस आणि म्हणालास, "ह्या कोणी केल्या? तूच?"

चष्मेवाले मागे उभे होते. म्हणाले, "नाही, मी." आणि हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं.

गाडीत तू म्हणालास, "दादा, माझा राग गेलेला नाही." मी म्हणालो, "जाऊ नकोस म्हण त्याला. राहू दे, जागा आहे." तू म्हणालास, "मला त्याला एकट्याने सांभाळायचा कंटाळा आला, एवढंच." मग घरापर्यंत मी डोळे मिटून तुझं गिअर टाकणं ऐकत होतो. क्लच अजून अर्धवटच दाबतोस.

गुरुवारचं लिहून ठेवतो, कारण काल मला ते स्वप्नात घडलं की खरं, असा गोंधळ झाला. मास्तरीणबाईंच्या इमारतीत मागच्या वर्षी परत दोर बदललेत. खुणा करायच्या राहिल्या होत्या. मशीनच्या खोलीचा जिना मला चढवेना, म्हणून तू वर गेलास, रंगाचा डबा घेऊन. आयुष्यात पहिल्यांदा मी खाली. बाईंनी त्यांच्या दाराबाहेर खुर्ची दिली. केबिनच्या उंबऱ्यावर आणि मजल्यावर मिळून पाणसळ ठेवली आणि मी वाकलो.

तू वरून चाक फिरवत होतास. केबिन केसाकेसाने येत होती. काचेतला बुडबुडा सरकत होता, आळसावलेल्या माशासारखा. सगळी इमारत दुपारची झोपलेली. मला ऐकू येत होतं तुझं चाक, दोराची करकर, बाईंची काठी आणि माझ्या पोटातलं ते नवं जोडकाम. मी श्वास घेतला आणि धरला. बुडबुडा मधोमध आला. मी आधी बोट घालून बघितलं. उंबरा आणि मजला, मधे पायरी नाही.

"आलं!" मी ओरडलो.

वर चाक थांबलं. मग तुझा आवाज, लिफ्टच्या त्या लांब विहिरीतून खाली उतरत उतरत.

"नक्की?"

तुला विचारायचा हक्क होता. मी पुन्हा वाकलो, पुन्हा बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"नक्की."

"मग लावतो रंग."

दोन महिन्यांनी माझा पुन्हा फोटो काढणार आहेत. काय निघेल, डॉक्टरांनाही माहीत नाही. त्यांचा आवाज तसाच खाली येऊन टेकला. पोटावरच्या फुल्या आता गेल्या तरी चालतील म्हणाले. मी अजून पुसलेल्या नाहीत. आपोआप जाऊ देत.

पाणसळ तू इथेच विसरलास. मी शोधून पाठवणार नाही. पुढच्या वेळी आलास की ने.

दादा